संकल्प, आराखडा, साधने : इतिहासग्रंथाच्या प्रस्तावाची चारशे वर्षे

विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेकडे ग्रंथ पाठवायचा म्हणजे आधी ग्रंथ पाठवायचाच नाही, हे मराठी लेखकाला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. आपली रीत वेगळी. लेखक वर्षानुवर्षे लिहितो, बाड पुरे करतो, ते घेऊन पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे जातो. प्रकाशक ते ठेवून घेतो आणि मग दोघेही वाट पाहत बसतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा अमेरिकी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था सुरुवातीला बाड मागत नाहीत. त्यांना हवा असतो दहा-पंधरा पानांचा प्रस्ताव. ग्रंथाचे नाव काय, त्यातून नवे काय सांगायचे आहे, कोणती साधने वापरली, प्रकरणे किती आणि प्रत्येकात काय, याच विषयावर आधी कोणी काय लिहिले आणि त्याहून तुमचे वेगळे काय, शब्दसंख्या किती, नकाशे आणि छायाचित्रे किती, बाड कधी हाती देणार, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे हे वाचणार कोण? सोबत एक-दोन नमुना प्रकरणे जोडायची.

पीएच.डी.चा प्रबंध हाताशी असलेला नगरचा, संगमनेरचा किंवा श्रीरामपूरचा प्राध्यापक हा कागद समोर घेऊन बसतो तेव्हा त्याला ही सारी परकी कारकुनी वाटते. आधी लिहू तर द्या, मग विचारा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण हे प्रश्न परके नाहीत आणि नवे तर मुळीच नाहीत. हिंदुस्थानच्या एका प्रचंड इतिहासग्रंथाचा संकल्प चारशे वर्षांपूर्वी याच नगर शहरात सोडला गेला होता, आणि तो अडला तो साधनांच्या रकान्यातच.

महंमद कासिम हिंदूशाह, म्हणजे ज्याला आपण फरिश्ता या नावाने ओळखतो तो, मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. वडील गुलाम अली हिंदूशाह विद्वान गृहस्थ. लहानग्या मुलाला घेऊन ते मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत अहमदनगरला आले आणि शाहजादा मीरान हुसेन याला फारसी शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. मुलगा दरबाराच्या सावलीत वाढला आणि पुढे राजवाड्याच्या पहाऱ्यावरील शिपायांचा नायक झाला. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाला मारून तख्त घेतले, तेव्हा फरिश्ता वाड्यातच होता. बालपणीच्या ओळखीमुळे त्याचा जीव वाचला. वर्षभरात मीरान हुसेनही मारला गेला, आणि शहरात परदेशी मुसलमानांची, ज्यांना दख्खनमध्ये आफाकी म्हणत, सरसकट कत्तल झाली. त्या धामधुमीत आफाकी इराण्याला नगरमध्ये राहण्यासारखे काही उरले नाही. हिजरी ९९८, म्हणजे १५८९-९० मध्ये तो विजापूरला निघून गेला.

ग्रंथाच्या सुरुवातीला त्याने स्वतःच ही हकिगत थोडक्यात दिली आहे. हिंदुस्थानातील मुसलमान राजांचा आणि साधुसंतांचा इतिहास लिहावा ही कल्पना त्याला तरुणपणी अहमदनगरात सुचली. पण त्यासाठी लागणारे ग्रंथ तिथे मिळेनात, म्हणून ती तशीच पडून राहिली. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा आश्रय मिळाला, त्याने आग्रह धरला, ग्रंथ उपलब्ध झाले, आणि १६०६ मध्ये 'गुलशन-ए-इब्राहिमी' दरबारात रुजू झाला. पुढेही काही वर्षे तो त्यात भर घालत होता.

आता या ग्रंथाची मांडणी पाहा. आरंभी एक मुकदमा, म्हणजे उपोद्घात. त्यानंतर बारा मकाले, आणि शेवटी खातिमा म्हणजे उपसंहार, त्यात हिंदुस्थानचा भूगोल. दिल्लीच्या सुलतानांना एक विभाग, दख्खनच्या राजवटींना एक, मग गुजरात, माळवा, खानदेश असे प्रांतवार विभाग. वापरलेल्या तिसाहून अधिक ग्रंथांची नावनिशीवार यादी त्याने दिली आहे. उत्तरेत निजामुद्दीन अहमदचा 'तबकात-ए-अकबरी' थोड्याच वर्षांपूर्वी पुरा झाला होता. तो फरिश्त्याने भरपूर वापरला, पण त्या ग्रंथात दख्खनला जागा बेताची होती, आणि फरिश्त्याचे वेगळेपण नेमके तिथे आहे. आजच्या प्रस्तावातले जवळजवळ सगळे रकाने या उपोद्घातात भरलेले दिसतात. विषय, आराखडा, साधने, आधीचे लेखन. वाचकाचा रकाना मात्र एका शब्दात भरलेला आहे, आणि तो शब्द ग्रंथाच्या नावातच आहे : इब्राहिम.

हा एक शब्द काय करू शकतो ते समजायला दुसरा ग्रंथ शेजारी ठेवावा लागतो. फरिश्ता नगर सोडून गेला त्यानंतर दोन-तीन वर्षांत, बुऱ्हाण निजामशहा दुसरा याच्या दरबारी सय्यद अली तबातबाई याने 'बुरहान-ए-मआसिर' लिहायला घेतला. ग्रंथाच्या नावातच आश्रयदात्याचे नाव आणि वर्ष दोन्ही आहेत. अबजद पद्धतीने अक्षरांची किंमत मांडली तर हिजरी १००० येते. तीन भाग : गुलबर्ग्याचे बहमनी, बिदरचे बहमनी आणि नगरचे निजामशाह. शेवटच्या भागात चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला किल्ला आणि १५९६ चा तह येथपर्यंतची हकिगत आहे, आणि ती समकालीनाने लिहिलेली असल्याने तिचे मोल मोठे आहे. पण घराण्याच्या मूळपुरुषाची गोष्ट आली की दोन ग्रंथ दोन वाटांनी जातात. फरिश्ता सांगतो की निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला, लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेलेला. तबातबाईने मलिक अहमदला थेट बहमनी सुलतानाचाच मुलगा करून टाकले आहे. एकाने विजापुरात बसून लिहिले, दुसऱ्याने ज्याचे घराणे त्याच्याच पैशाने. पाथरीची हकिगत सांगण्यात विजापूरकरांचेही काही बिघडत नव्हते, हे खरे. म्हणून फरिश्त्याला निःपक्ष म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्याला फक्त वेगळा वाचक मिळाला होता.

निजामशाहीचा सर्वांत जास्त वाचला गेलेला इतिहास असा निजामशाहीबाहेर लिहिला गेला. त्याचे कारण विद्वत्तेचा अभाव हे नव्हते. ग्रंथालय, पैसा आणि शांतता या तीन गोष्टी १५८९ च्या नगरमध्ये एका जागी नव्हत्या, इतकेच.

फरिश्ता युरोपात पोचला तो मुख्यतः जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याच्या इंग्रजी अनुवादामुळे. १८२९ मध्ये लंडनच्या लाँगमन कंपनीने तो चार खंडांत काढला. इब्राहिमाच्या गुलाबबागेचे इंग्रजीत नाव झाले 'हिंदुस्थानातील मुसलमानी सत्तेच्या उदयाचा इतिहास'. विजापूरचा बादशहा गेला, आणि त्याच्या जागी सत्तांच्या उदयास्तात रस असलेला लंडनचा वाचक आला. हा वाचक किती हट्टी होता याचा अनुभव ब्रिग्जच्याही आधी एका माणसाने घेतला होता. ब्रिग्ज साताऱ्याचा रेसिडेंट झाला तो या माणसाच्या जागेवर.

जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ. पेशवाई बुडाल्यावर १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. छत्रपतींच्या दफ्तरापासून देशमुख-देशपांड्यांच्या घरातल्या कागदांपर्यंत जे मिळेल ते त्याने नकलून घेतले, प्रकृती बिघडल्याने स्कॉटलंडला परतला आणि तिथे 'हिस्टरी ऑफ द मराठाज' पुरे केले. ते घेऊन तो जॉन मरे या प्रख्यात प्रकाशकाकडे गेला. पुढची हकिगत १९२१ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीला एस. एम. एडवर्ड्झने जोडलेल्या चरित्रात येते. मरेची शंका सरळ होती : मराठ्यांविषयी इथे कोणाला काय माहीत आहे? डफचे उत्तर असे की, कोणालाच काही माहीत नाही म्हणून तर हा ग्रंथ लिहिला. मरेने मार्ग सुचवला. नावात मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही आणा, मग विचार करता येईल. मराठ्यांचा इतिहास या नावाने तो खपायचा नाही. डफने नाव बदलले नाही. ग्रंथ १८२६ मध्ये लाँगमनकडून तीन खंडांत निघाला आणि त्यात डफला पदरचे पैसे घालवावे लागले.

मरेला हसणे सोपे आहे. पण प्रकाशक म्हणून तो चुकला नव्हता, ग्रंथ खरेच खपला नाही. गोष्ट महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने. मरेने सुचवलेले नाव स्वीकारले असते तर बदल मुखपृष्ठावर थांबला नसता. मोगलांच्या ऱ्हासापासून इंग्रजांच्या उदयापर्यंत जायला मराठे मधला पूल म्हणून लागतात. शहाजी, शिवाजी, राजाराम ही प्रकरणे आखडली असती आणि १७५० नंतरची फुगली असती. नाव हे आराखड्याचे पहिले कलम असते, आणि डफला ते कळत होते. डफच्या ग्रंथात दोष कमी नाहीत. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्यावर केलेली टीका हा मराठी इतिहाससंशोधनाचा आरंभबिंदू मानला जातो. पण कीर्तन्यांना टीका करायला मराठ्यांचा इतिहास या नावाचा एक ग्रंथ समोर होता, ही त्या एका नकाराची देणगी. ग्रंथ निघाल्यावर थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी त्याचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्यालाही 'मराठ्यांची बखर' असे नाव देता आले.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात राजा नव्हता आणि लाँगमनही नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी तिसरीच वाट काढली. अमेरिकेत कॉर्नेलमध्ये डॉक्टरेट करून आलेल्या या माणसाने नागपुरात ज्ञानकोशमंडळ या नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले आणि गावोगाव माणसे पाठवली. म्हणजे प्रस्ताव थेट वाचकापुढे ठेवला. तेवीस खंड १९२० च्या दशकात बाहेर पडले. त्या व्यवहाराचा, कर्जाचा आणि कुरबुरींचा हिशेब केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' मध्ये मांडून ठेवला आहे. ग्रंथव्यवहाराचा इतका प्रांजळ हिशेब मराठीत दुसरा नाही. मात्र केतकरांची वाट ज्ञानकोशाला चालली तरी एखाद्या राजवटीवरच्या चारशे पानांच्या ग्रंथाला चालणारी नव्हती. घरात ज्ञानकोश हवा म्हणून वर्गणी भरणारा गृहस्थ मलिक अंबरच्या जमीनमहसुलावर भरेल, याची खात्री केतकरांनीही दिली नसती.

मराठीतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथप्रस्ताव यानंतर येतो. त्याला प्रस्ताव असे कोणी म्हणत नाही, कारण तो ग्रंथ म्हणूनच वाचला जातो. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे 'श्रीशिवछत्रपती'. उपशीर्षक असे : संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने. मुंबईच्या मराठा मंदिराने तो १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. शेजवलकर आदल्याच वर्षी गेले होते. जे चरित्र लिहायचे होते ते लिहून झाले नव्हते. मागे राहिली ती दीर्घ प्रस्तावना, प्रकरणांचा आराखडा आणि निरनिराळ्या भाषांतून जमवलेल्या साधनांचे भांडार. परीक्षकांपुढे ठेवण्याचा मसुदा जसा असावा तसा.

शेजवलकर हे काम अपुरे का ठेवून गेले यावर पुष्कळ बोलले जाते. चिकित्सा इतकी की हातून काही पुरे होत नसे, असा एक सूर असतो. मला तो पटत नाही. ज्या माणसाने पानिपतावर ग्रंथ लिहिण्यासाठी रणभूमी पायाखाली घातली आणि १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या प्रबंधमालेत तो इंग्रजीत पुरा करून दिला, त्याला ग्रंथ पुरा करता येत नव्हता असे कसे म्हणावे? शिवचरित्रात अडचण निराळी होती. पानिपत ही एक मोहीम. तिला आरंभ, मध्य आणि एका दिवसात संपणारा अंत होता. शिवचरित्राला आरंभ कुठे करायचा हाच प्रश्न. शिवनेरीवर करावा तर शहाजी समजत नाही. शहाजी समजायचा तर मालोजी आणि निजामशाहीचा दरबार समजला पाहिजे, आणि तो समजायचा तर फारसी साधने उलगडली पाहिजेत. शेजवलकर भूगोल पाहणारे इतिहासकार होते. घाट, नद्या, मजला यांवाचून त्यांना मोहीम दिसत नसे. अशा माणसाचा आराखडा जसजसा प्रामाणिक होत जातो तसतसा तो लांबत जातो.

म्हणून त्यांची प्रस्तावना वाचावी ती चरित्राची उणीव भासत असताना वाचावी. त्यात आधीच्या लेखकांचा झाडा आहे, आणि तो झाडा बोचरा आहे. आपण कोणता शिवाजी मांडणार आणि कोणता मांडणार नाही, याची स्पष्ट भूमिका आहे. आजच्या प्रस्तावात आधीच्या ग्रंथांशी तुलना असा रकाना असतो आणि नवखा लेखक त्यात चार नावे नम्रपणे नोंदवून मोकळा होतो. शेजवलकरांची पाने त्याने एकदा वाचावीत. नम्रता बाजूला ठेवून, पण साधनांच्या आधाराने, माझ्या आधीचे कुठे थांबले हे कसे सांगायचे ते तिथे दिसते. १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. मुख्य ग्रंथ अस्तित्वात नसताना त्याच्या आराखड्याला देशाच्या अकादमीने मान दिला, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुन्हा त्या प्राध्यापकाच्या टेबलाकडे येऊ. समजा त्याला निजामशाहीवर ग्रंथ लिहायचा आहे, तर त्याच्या प्रस्तावातला आधीच्या लेखनाचा रकाना कसा दिसेल?

तबातबाईच्या निजामशाही भागाचा वूल्झली हेगने केलेला इंग्रजी अनुवाद १९२० ते १९२३ या काळात 'इंडियन अँटिक्वरी'त क्रमशः आला. राधेश्याम यांचे 'द किंगडम ऑफ अहमदनगर' १९६६ मध्ये दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी काढले. राजकीय घटनाक्रमासाठी अजूनही त्याच्याकडेच जावे लागते. रिचर्ड ईटन यांच्या केंब्रिजने २००५ मध्ये काढलेल्या दख्खनच्या सामाजिक इतिहासात आठ माणसांच्या आयुष्यांतून साडेचार शतके सांगितली आहेत. त्या आठांत मलिक अंबर आहे, निजामशाहीचा सुलतान एकही नाही. पुष्कर सोहोनी यांचा निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथ २०१८ मध्ये लंडनहून आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्यांच्या प्रबंधाचा तो विस्तार. फराहबागेसारख्या इमारतींना दिल्ली-आग्र्याच्या तुलनेतून सोडवून त्यांच्या स्वतःच्या दरबारात परत नेण्याचे काम त्याने केले. मराठीत सरदार ना. य. मिरीकरांचा शहराचा इतिहास आहे, भ. ग. कुंटे यांचे निजामशाहीवरील काम आणि त्यांनीच केलेला फरिश्त्याचा अनुवाद आहे. १८८४ चे गॅझेटियर आहेच. जिल्ह्याविषयी काहीही लिहिणारा त्यातूनच पाणी भरतो, पुष्कळदा विहिरीचे नाव न सांगता.

या यादीकडे थोडे लांबून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. निजामशाही नेहमी कशाच्या तरी आधीची किंवा कशाच्या तरी खालची म्हणून येते. बहमनींच्या तुकड्यांपैकी एक, मोगलांच्या दक्षिण स्वारीतला अडथळा, शिवचरित्राचे पहिले प्रकरण. यांतले खोटे काहीच नाही. पण मरेने डफला सुचवलेले नाव याच जातीचे होते. नगरच्या लेखकाला आज कोणी संपादक, अगदी सद्भावनेने, असेच सुचवण्याची शक्यता मोठी आहे. मलिक अंबर हा हबशी, आफ्रिकेतून आलेला. त्याला मध्यभागी घ्या, आफ्रिका आणि हिंदी महासागर नावात आणा, अमेरिकेतल्या वर्गांत ग्रंथ लागेल. सल्ला वाईट नाही. अंबरवर उत्तम लेखन याच वाटेने झाले आहे. प्रश्न इतकाच की त्या नावाने १४९० पासूनची शंभर वर्षे कुठे जातील? जुन्नरहून राजधानी भिंगारच्या माळावर का आली, खापरी नळांनी डोंगराचे पाणी शहरात कसे आणले, मराठे देशमुख या दरबारात कधी आणि कशाच्या बदल्यात शिरले, हे प्रश्न मग तळटीपांत जातात. तळटीपांत गेलेला प्रश्न सहसा परत वर येत नाही.

शहराच्या नावाचाही प्रश्न आहेच. २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर. सोळाव्या शतकावरच्या ग्रंथात साधनांतले नाव ठेवावे आणि पहिल्या टीपेत आजचे सांगावे, हा सर्वमान्य संकेत पुरेसा आहे. मद्रास आणि चेन्नई यांच्या बाबतीत इतिहासकार तेच करतात. त्यावर प्रस्तावात दोन ओळींपेक्षा जास्त खर्चू नयेत.

वाचणार कोण, हा रकाना खरा अडतो तो भाषेपाशी. प्रस्ताव इंग्रजीत जातो, ग्रंथ इंग्रजीत निघतो, प्रती काही शे आणि किंमत हजारांत. राहुरीच्या ग्रंथालयात तो येणार नाही, हे लेखकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. मराठीत अशा ग्रंथाला आश्रय देण्यासाठी १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, आणि फरिश्ता मराठीत आला तो या मंडळामुळेच. पण मंडळ ग्रंथ छापते. तो लिहिला जात असताना चार प्रश्न विचारून त्याचा कस लावणारी माणसे तिथेही सहज मिळत नाहीत. विद्यापीठीय संस्थांची खरी किंमत माझ्या मते या प्रश्नांत आहे. प्रस्ताव आणि नमुना प्रकरणे दोन तज्ज्ञांकडे जातात, त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत, त्यांचे अभिप्राय येतात, लेखकाने लेखी उत्तर द्यायचे, मग ते सारे ऑक्सफर्डमध्ये डेलिगेट्सपुढे आणि केंब्रिजमध्ये सिंडिकेटपुढे जाते. अभिप्राय कधी मत्सराचा असतो, कधी आळशी. पण कधी कधी तो तुमचे फारसी वाक्य चुकीचे लावले आहे हे दाखवून देतो, आणि तेवढ्यासाठी बाकीचे सोसावे.

नगरच्या किल्ल्यातच याचे एक उदाहरण घडले, तेही प्रस्तावावाचून. जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिले. प्रस्तावनेत त्यांनी सहबंदींचे ऋण मानले आहे. त्यांत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत आणि असफ अली होते. अरबी-फारसीचा पंडित, बौद्ध दर्शनाचा अभ्यासक, असे तज्ज्ञ एका कोठडीच्या अंतरावर. कोणत्याही प्रकाशनसंस्थेला असे परीक्षकमंडळ जमवता आले नसते. इंग्रज सरकारने ते नकळत जमवून दिले.

उरले नमुना प्रकरण. बहुतेक लेखक पहिले प्रकरण पाठवतात आणि बहुतेक पहिली प्रकरणे पार्श्वभूमीतच दमतात. निजामशाहीवरच्या ग्रंथासाठी मी भातोडी पाठवीन. १६२४ मध्ये नगरजवळच्या या गावी मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला गाठले, आणि तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीची दाणादाण केली. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी पडला. शहाजी तिथे लढला, त्याचा भाऊ शरीफजी तिथेच कामी आला. फरिश्ता आणि तबातबाई दोघेही इथपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे लेखकाला हाताशी आलेल्या कथनावर टेकता येत नाही. विजापूरची फारसी तवारीख, मोगलांकडची हकिगत आणि परमानंदाचे संस्कृत शिवभारत ही तीन साधने एकमेकांसमोर ठेवावी लागतात. तिघांचे आश्रयदाते वेगळे, आणि शिवभारत तर लढाईनंतर पुष्कळ वर्षांनी शिवाजी महाराजांच्या आश्रयाखाली रचलेले. कोणी शौर्य कोणाच्या पदरात घातले, कोणी पाण्याचा उल्लेख केला आणि कोणी टाळला, हे जुळवून पाहायचे. मग गावात जाऊन तलाव, त्याचा बांध, मेहेकरी नदीचा उतार आणि छावणीला जागा कुठे मिळाली असेल ते पायी पाहायचे. तलाव निजामशाहीतला, इंग्रजी अमदानीत दुरुस्त झालेला. जुना बांध कुठून कुठपर्यंत होता हे ठरवण्यासाठी पाटबंधारे खात्याचे जुने नकाशे लागतील, आणि प्रस्तावातल्या नकाशांच्या रकान्यात त्यांपैकी निदान एकाची मागणी आधीच नोंदवून ठेवावी, कारण परवानगीला वेळ लागतो.